लिनोकटमध्ये ठिपके काढताय? या चुका टाळा

लिनोवर (म्हणजे कोरून, शाई लावून कागदावर छापायच्या मऊ शीटवर) ठिपके काढणं म्हणजे काय, टोचत सुटायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं आणि मग पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, काढलं की निम्मे ठिपके गायब, उरलेले वाकडेतिकडे, आणि खापर टूलवर. टूल बोथट असतंही कधीकधी, पण जास्त करून गडबड धरण्यात नाहीतर शाईत असते.

आधी पांढरे ठिपके घेऊ. कोरलेल्या भागाला शाई लागत नाही, म्हणून कोरलं ते पांढरं, म्हणजे पांढरा ठिपका हा एक छोटा खड्डा. व्ही टूल (V आकाराच्या टोकाचं कोरणं) आडवं धरून टोचलं की ठिपका गोल येतच नाही, तांदळाच्या दाण्यासारखा लांबट येतो. पाऊस किंवा गवत दाखवायचं असेल तर तो झकास दिसतो, पण गोल हवा असेल तर साधारण 1 मिमीचं यू टूल (गोलसर, U आकाराच्या टोकाचं) घ्या, जवळजवळ उभं धरा, टोक रुतलं की टूलचा हात हलवूच नका, दुसऱ्या हाताने ब्लॉक, म्हणजे लिनोचा तुकडा, फिरवा (बोटं टोकासमोर नकोत हं). मनगट वळवून गोल काढायला गेलात तर ते अर्ध्यात अडतं आणि नेमका तिथे कोपरा येतो. फेरी पूर्ण झाली की बारीक टिकली सुटून येते, अडकली तर नखाने ओढू नका, कड फाटते, परत टूल घालून तळातून कापा.

दाभण नाहीतर खिळा ठोकायचा शॉर्टकट पण बघितलाय, नका करू. लिनो म्हणजे जवसाचं तेल आणि कॉर्कचा भुसा, तो नुसता दाबला जातो, निघत नाही, मग भोक परत मिटत येतं आणि त्याची कड वर उचलली जाते.

कड भुगा होऊन तुटत असेल तर लिनो गार पडलाय किंवा जुना झालाय. थोडा वेळ उन्हात ठेवा, हेअर ड्रायर मारा, लोण्यासारखा नाही होणार पण कापायला बरा होतो. तरी तुटतोय? मग टूलला धार लावा, चामड्याच्या पट्टीवर पॉलिशिंग पेस्ट लावून घासलं तरी खूप फरक पडतो.

आता शाई. ठिपके बुजतात तेव्हा लोक परत कोरायला बसतात आणि ठिपका उगाच मोठा करून ठेवतात. आधी शाई कमी करून बघा ना! पातळ थर, दोन-तीनदा लावलेला, एकदाच जाड थापलेल्यापेक्षा कधीही चांगला, आणि रोलर फिरताना बारीक चर्र आवाज यायला हवा, चिकट पचपच आवाज आला म्हणजे शाई जास्त झाली. रोलर फार मऊ असेल तर तोही खड्ड्यात उतरतो. बुजलेच तर शाई न लावता रद्दी कागदावर एक-दोन छाप घ्या, बरीचशी शाई निघून येते, उरलेली जुन्या टूथब्रशने.

काळे ठिपके हा वेगळाच ताप, कारण ठिपका ठेवायचा आणि भोवतालचं सगळं काढायचं. इथे कड आतल्या बाजूला कापली गेली तर ठिपका खालून पोकळ होतो आणि दाब पडला की उडतो. टूलचं टोक ठिपक्यापासून बाहेर जाईल असं कलतं धरा, म्हणजे ठिपका बुडाशी रुंद राहील. 2 मिमीपेक्षा बारीक काळा ठिपका मी तरी टाळतो.

शेडिंग करताना सरळ ओळींत ठिपके घालू नका, डोळ्याला ठिपके न दिसता रेघाच दिसतात. आणि एका दमात सगळे कोरू नका, आधी विरळ, मग प्रूफ, मग लागतील तिथे वाढवा, काढलेला लिनो परत कोण घालणार? कोरण्याआधी ब्लॉकला पातळ गडद रंग पुसून घेतलात तर कोरलेलं लगेच उठून दिसतं आणि अंदाज चुकत नाही.

काळा ठिपका उडालाच आणि तुकडा सापडला, तर सुपरग्लूचा अगदी बारीक थेंब लावून बसवता येतो, फक्त वर गोंद आला तर सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने सपाट करा. तुकडाच हरवला तर शेजारचे दोन-तीन ठिपके पण काढून टाका, एकटीच मोकळी जागा लगेच डोळ्यात भरते.