जनरेटरचा स्टार्टर: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

लाइट गेली, बटण दाबलं आणि जनरेटर नुसता 'टक' करून गप्प बसला, की मेकॅनिक सरळ नवा स्टार्टर (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) सुचवतो. त्याआधी एवढं बघा.

१. मल्टिमीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर लावून स्टार्ट द्या. १२ व्होल्टच्या बॅटरीचा आकडा ९.६ च्या खाली घसरला, तर आधी बॅटरी चार्ज करून तपासा. आकडा टिकतोय आणि तरी स्टार्टर ओढत नाही? मग केबलची टोकं आणि अर्थिंगची जागा (निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बसते ती) घासून परत स्टार्ट द्या. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, असं माझं मत.

२. तरीही नाही, तर स्टार्टर उतरवून ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे समोर उघडायला लावा. कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे तुकडे) झिजलेत, बुश (शाफ्टचा आधार) सैल झालाय, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) किंवा बेंडिक्स (दातेरी चाक इंजिनात अडकवणारा भाग) गेलंय: बिनधास्त दुरुस्त करा.

३. आर्मेचर (आतला फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) जळून काळं पडलंय, जळका वास येतोय, कम्युटेटरच्या (ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या कड्याच्या) पट्ट्या उचलल्यात किंवा बॉडीला तडा आहे: नवा घ्या. रिवाइंडिंग (तार नव्याने गुंडाळणं) होतं, पण खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर मी त्या भानगडीत पडत नाही.

नवा घेताना जुना सोबत न्या. पिनियनचे (स्टार्टरच्या टोकाच्या दातेरी चाकाचे) दात, फिरण्याची दिशा, व्होल्टेज आणि बोल्टची भोकं जुळायला हवीत. फ्लायव्हीलच्या (पिनियन फिरवतो त्या इंजिनच्या जड चाकाच्या) रिंगचे दातही टॉर्च मारून बघा; ते झिजलेले असतील तर नवा पिनियनही लवकर खराब होईल.

सावधान: हात घालण्याआधी पॅनेल ऑटोवरून ऑफ करा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. ऑटोवर असताना लाइट गेली, तर मशीन आपणहून सुरू होतं.