गोष्टीतून ओळखावी विद्यार्थी परिचारिकेची शिकण्याची गरज

‘तुला काय शिकायचे आहे?’ असे थेट विचारले, की विद्यार्थिनी अभ्यासक्रमातलेच शब्द परत ऐकवते. त्याऐवजी पोस्टिंग (वॉर्डातील प्रशिक्षणाचा काळ) संपताच तिथला एकच प्रसंग गोष्टीसारखा लिहून मागावा. रुग्णाचे नाव आणि खाट क्रमांक लिहू देऊ नये. रुग्णाला धोका झाल्याचे लिहिले असेल, तर ते वरिष्ठांना कळवावे लागेल, हे आधीच स्पष्ट सांगावे.

सोलापुरात अनेकींच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलली जाते. म्हणून भाषा तिची तिला निवडू द्यावी. शुद्धलेखन तपासू नये आणि गुण तर मुळीच देऊ नयेत, कारण गुणांसाठी लिहिलेल्या गोष्टीत प्रत्येक सलाईन पहिल्याच प्रयत्नात लागते.

खरी कसोटी वाचनाची आहे. पहिल्यांदा हातात पेन न घेता वाचावे आणि दुसऱ्या वाचनात गोष्ट कुठे घाईने पुढे सरकते ते शोधावे. समजा, तिने लिहिले आहे : ‘आजींनी हात ओढून घेतला. मग सिस्टर आल्या आणि सलाईन सुरू झाले.’ बहुतेक शिक्षिका येथे ‘सुई लावण्याचा सराव कमी’ असा शेरा मारून तिला पुतळ्यावरील सरावाला पाठवतात. मला ही घाई घातक वाटते. हात ओढणे आणि सिस्टर येणे यांच्यामध्ये काय घडले, हे तिने लिहिलेलेच नाही, तेच विचारावे. मात्र ‘असे का केलेस?’ म्हणू नये, तो जाब वाटतो. ‘तेवढ्या वेळात काय झाले?’ एवढे विचारून गप्प राहावे. घाबरलेल्या, फक्त तेलुगू समजणाऱ्या आजींना धीर कसा द्यावा हे तिला सुचले नव्हते, असे कळले, तर तिची गरज संवादाची आहे आणि पुतळा तिथे निरुपयोगी आहे.

तरीही एका गोष्टीवरून निर्णय घेऊ नये. गोष्ट तिच्या मनात काय राहिले ते सांगते. हाताचे कौशल्य मात्र रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहूनच पाहावे लागते.

शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांनी अनुभवातून शिकण्यासाठी 1988 मध्ये मांडलेले वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढील कृती हे सहा टप्पे चर्चेला उपयोगी पडतात. पण ते लिहिण्याआधी हाती देऊ नयेत, नाहीतर गोष्टीऐवजी भरलेला फॉर्म परत येतो.

शेवटी ठरलेली गरज तिच्याच शब्दांत वहीत लिहून घ्यावी आणि पुढच्या पोस्टिंगचे नियोजन त्यावरून करावे.