पुतळ्याआधीचं मॅकेट

9 फुटी पुतळ्यासाठी दीड फुटाचं मॅकेट (पुतळ्याआधी करायचा छोटा नमुना), म्हणजे 1:6 प्रमाण, सोयीचं पडतं. जाड फळीवर 3 मिमी अ‍ॅल्युमिनियमची तार दुहेरी पिळून सांगाडा उभा करा. पोज तारेतच पक्की करायची. माती चढवून मग गुडघा वाकवला की तो फुटलाच म्हणून समजा. तार अवयवाच्या मधोमध हवी, आणि माती घसरू नये म्हणून तिला सुतळी गुंडाळा.

शाडूची माती वाळताना आकसते, तार आकसत नाही. तडे जातात ते त्यामुळे. काम थांबलं की ओलं फडकं, वर प्लास्टिक. पापण्या-ओठांत रमू नका (मोह होतोच). फळी फिरवत सगळीकडून तोल आणि बाह्यरेषा तपासा. इथली 3 मिमीची चूक पुतळ्यात 18 मिमी होते.