चुकलेलं विमान, संपत आलेलं क्रेडिट: पैसे परत कसे मागायचे

तिकिटावर तारीख होती १४ आणि वेळ ००:२५. मी आईला घेऊन १४ तारखेच्या रात्री दहा वाजता विमानतळावर पोचले. आमचं विमान आदल्या रात्रीच, म्हणजे १३ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर पंचवीस मिनिटांनी, निघून गेलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं तिकीट दोनदा वाचलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, हे कालचं आहे." आई व्हीलचेअरवर बसली होती. तिनं काही न बोलता माझा हात धरला.

तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, आता काहीच मिळणार नाही, असं त्या रात्री मला सांगितलं गेलं. तसं झालं नाही. जातानाच्या तिकिटातले कर आणि शुल्कं दोन महिन्यांत परत आली. परतीच्या तिकिटाचं क्रेडिट, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी वापरता येणारी रक्कम, मिळालं आणि ते मुदत संपायच्या नऊ दिवस आधी वापरलं गेलं. मी बावीस वर्षं हिशेबाचं काम करते, पण त्या रात्री मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानंतर ओळखीच्या पाच-सहा जणांचे अर्ज मी लिहून दिले. त्यातून जे कळलं ते इथे सांगते.

आधी वेळेचं. विमान सुटण्याआधी तिकीट रद्द केलं तर बऱ्याच भाडेप्रकारांत दंड कापून पैसे किंवा क्रेडिट उरतं. विमान सुटल्यावर नावापुढे 'नो-शो' लागतं आणि मूळ भाडं बुडू शकतं. म्हणून रस्त्यात अडकलात आणि गाठता येणार नाही हे कळलं, की गाडीतूनच ॲप उघडून तिकीट रद्द करा किंवा तारीख बदला. काही कंपन्या सुटायच्या काही तास आधीच हे बटण बंद करतात. तसं झालं तर फोन लावा, आणि तो लागेपर्यंत चॅटवर किंवा ईमेलवर एक ओळ टाकून ठेवा: "मी या विमानाला पोचू शकत नाही, तिकीट रद्द करा." त्या ओळीवर वेळ उमटते आणि पुढच्या भांडणात तीच तुमची साक्ष असते.

काउंटर बंद झाल्यावर पोचलात तरी लगेच घरी फिरू नका. पुढच्या विमानात फरक भरून किंवा थोड्या दंडावर जागा देतात का, ते विचारा. अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांमध्ये 'फ्लॅट टायर रूल' नावाची रीत आहे. विमान सुटल्यापासून साधारण दोन तासांच्या आत विमानतळावर आलेल्या माणसाला पुढच्या विमानात जागा रिकामी असेल तर बसवतात. तो हक्क नाही, विनंती आहे, त्यामुळे शांतपणे मागावी. काउंटर सोडण्यापूर्वी विमान चुकल्याचा लेखी शेरा किंवा ईमेल मागून घ्या. विम्यासाठी तो लागतो.

त्याच रात्री परतीचं तिकीटही पाहा. जाणं-येणं एकाच तिकिटावर असेल आणि पहिला टप्पा चुकला, तर बहुतेक कंपन्या पुढचे सगळे टप्पे आपोआप रद्द करतात. नवीन तिकीट काढून जाणारा माणूस परतीच्या दिवशी विमानतळावर पोचतो तेव्हा त्याला हे कळतं. नवं एकतर्फी तिकीट काढून जाणार असाल तर काउंटरवरच सांगा की परतीचा टप्पा वापरायचा आहे, आणि तो जिवंत ठेवल्याचं लेखी घ्या. आमचं परतीचं तिकीट वेगळं, वेगळ्या पीएनआरचं होतं, म्हणून ते शाबूत राहिलं. जाणंच रद्द झाल्यामुळे ते मी घरी पोचताच, त्याची वेळ येण्याच्या चार दिवस आधी, रद्द केलं. क्रेडिट मिळालं ते एवढ्यामुळेच.

आता तिकिटाची रक्कम फोडून पाहा. ई-तिकिटाच्या पावतीवर खाली बारीक अक्षरांत हिशेब असतो: मूळ भाडं, मग छोट्या छोट्या रकमा, प्रत्येकीपुढे दोन अक्षरांचा संकेत. वायक्यू किंवा वायआर असं लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा अधिभार आहे, इंधनाच्या नावानं लावलेला. तो कर नसतो आणि सहसा मूळ भाड्याबरोबरच बुडतो. बाकीच्या रकमांत सरकारचे कर आणि विमानतळाची शुल्कं असतात. यातल्या अनेक रकमा प्रवासी खरोखर उडाला तरच लागू होतात. ब्रिटनचं 'एअर पॅसेंजर ड्यूटी' त्यातलंच. तुम्ही बसलाच नाहीत तर कंपनीला ते सरकारकडे भरावं लागत नाही. भारतात डीजीसीए या विमानवाहतूक नियामकाचा नियम स्पष्ट आहे: तिकीट रद्द झालं, वापरलं गेलं नाही किंवा नो-शो झाला, तरी वैधानिक कर आणि यूडीएफ, पीएसएफ ही विमानतळाची शुल्कं परत द्यायची, मूळ भाडं नॉन-रिफंडेबल असलं तरी. सगळ्या देशांत इतका उघड नियम नाही, पण मागणी सगळीकडे करता येते. लांबच्या स्वस्त तिकिटांत ही रक्कम कधी कधी मूळ भाड्याएवढी निघते. आपणहून कुणी ती देईल याची वाट पाहू नका, मागा.

मागताना लांबलचक कहाणी लिहू नका. माझा पहिला अर्ज दीड पानांचा होता, आईच्या गुडघ्यांपासून सुरू झालेला. उत्तर एका ओळीत आलं: तिकीट नॉन-रिफंडेबल आहे. दुसरा अर्ज असा लिहिला: "तिकीट क्रमांक अमुक. या तिकिटावर प्रवास झालेला नाही. मूळ भाड्याचा परतावा मी मागत नाही. न वापरलेल्या प्रवासावरचे सर्व कर आणि विमानतळ शुल्कं मूळ पेमेंटच्या मार्गानं परत करावीत आणि प्रत्येक रकमेचा तपशील कळवावा." यातलं तिसरं वाक्य महत्त्वाचं आहे. ते नसेल तर तुमचा अर्ज 'भाडं परत मागणाऱ्यांच्या' ढिगात जातो आणि ठरलेलं उत्तर येतं.

अर्जात पीएनआरबरोबर तिकीट क्रमांकही द्या. तो १३ अंकी असतो आणि पहिले तीन अंक कंपनीचे असतात. पीएनआर म्हणजे आरक्षण, ते रद्द होऊन दिसेनासं होऊ शकतं. पैसे बांधलेले असतात तिकीट क्रमांकाला. फोनवर विचारा, "या तिकिटाचं कूपन ओपन आहे का?" ओपन म्हणजे न वापरलेलं. तसं असेल तर त्यात अजून काही मूल्य असण्याची शक्यता आहे. एजंटाकडून किंवा बुकिंगच्या ॲपवरून तिकीट काढलं असेल तर कंपनी एजंटाकडे बोट दाखवते आणि एजंट कंपनीकडे. या प्रश्नाच्या उत्तरानं ती टोलवाटोलवी थांबते. कंपनीनं परतावा मंजूर केल्याची तारीख घ्या आणि ती एजंटाला लेखी कळवा.

चूक तुमची नसेल तर मात्र करांवर समाधान मानू नका. एकाच तिकिटावरच्या पहिल्या विमानाला उशीर झाला आणि जोडविमान चुकलं, तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाखाली शेवटच्या मुक्कामी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर कंपनीच्या आवाक्याबाहेरचं कारण नसल्यास २५० ते ६०० युरो भरपाई मिळते. आंतरराष्ट्रीय प्रवासात उशिरामुळे झालेलं नुकसान १९९९च्या मॉन्ट्रियल करारानुसार मागता येतं, पण दावा दोन वर्षांच्या आत दाखल व्हावा लागतो. दोन विमानं वेगवेगळ्या तिकिटांवर असतील तर हे संरक्षण राहत नाही. थोडं स्वस्त पडतं म्हणून तिकिटं तोडून काढणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विम्याकडून आम्हाला काहीच मिळालं नाही आणि ते योग्यच होतं, तारीख चुकीची वाचणं कुठल्याच पॉलिसीत बसत नाही. पण अपघात, गाडी बंद पडणं, ट्रेनचा उशीर, अचानक आजारपण ही कारणं पुष्कळ पॉलिसींत असतात. पुरावा त्याच दिवशी गोळा करा: गॅरेजची पावती, रेल्वेचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी. कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे उलटवून मागायचा विचार असेल तर, स्वतः न पोचल्याबद्दल तो टिकत नाही. कंपनीनं परतावा कबूल करून दिला नाही, तिथे टिकतो.

आता क्रेडिट, ज्याला आपल्याकडे 'क्रेडिट शेल' म्हणतात. इथे सगळा खेळ तारखांचा आहे. मला वाटलं होतं की मुदत रद्द केल्याच्या दिवसापासून एक वर्ष असेल. ती होती तिकीट काढलं त्या दिवसापासून एक वर्ष, आणि तिकीट आम्ही पाच महिने आधी काढलेलं होतं. म्हणजे हातात सातच महिने. म्हणून क्रेडिट मिळताच लेखी विचारून घ्या: मुदत कुठल्या तारखेपासून मोजता? त्या तारखेपर्यंत फक्त बुकिंग करायचं की प्रवास पूर्ण करायचा? क्रेडिटवर काढलेलं तिकीट पुन्हा रद्द केलं तर जुनीच तारीख लागते की नवी? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'जुनीच' असतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'बुकिंग' असेल तर तुमच्याकडे वाटतो त्याहून खूप वेळ आहे. विमान कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस पुढची तिकिटं विकतात. मुदतीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत बसून पुढच्या वर्षीच्या प्रवासाचं तिकीट काढता येतं. मी तेच केलं. शेवटच्या दिवसासाठी मात्र थांबू नका. कधी कधी संकेतस्थळ क्रेडिट स्वीकारत नाही, फोन करावा लागतो, आणि मुदत कुठल्या देशाच्या घड्याळानुसार संपते हे सांगायला तिथे कुणी नसतं.

क्रेडिट बहुधा ज्याच्या नावावर तिकीट होतं त्यालाच वापरता येतं. आईचं क्रेडिट मला चाललं नाही. नवं तिकीट क्रेडिटपेक्षा स्वस्त असेल तर उरलेली रक्कम परत क्रेडिट होते की बुडते, ते आधी विचारा. बुडणार असेल तर थोडं महागडं, तारीख बदलता येणारं तिकीट घेणं फायद्याचं. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्यापूर्वी मागा, कारणासह आणि कागदासह. आजारपण, गर्भारपण, घरातला मृत्यू यांत वाढ मिळालेली मी पाहिली आहे. मुदत संपल्यावर मागितलेली मात्र एकदाच मिळाली, तीही तिसऱ्या अर्जाला.

आणि विमान कंपनीनंच रद्द केलं असेल तर क्रेडिट घेण्याची घाई करू नका. युरोपात व्हाउचर देण्यासाठी प्रवाशाची सही असलेली संमती लागते, भारतात क्रेडिट शेल घ्यायचं की पैसे हे प्रवाशानं ठरवायचं असतं. स्क्रीनवर मोठं ठळक बटण क्रेडिटचं असतं, परताव्याचा दुवा खाली बारीक अक्षरांत. एकदा क्रेडिट स्वीकारलं की पैसे मागणं फार अवघड होतं. याच कारणानं, प्रवास नको झाला तरी तिकीट लगेच रद्द करू नये. प्रवासाचा दिवस जवळ येईपर्यंत थांबलं तर कधी कंपनीच वेळ मोठी बदलते किंवा विमान रद्द करते, आणि नॉन-रिफंडेबल तिकिटाचेही पूर्ण पैसे मागता येतात. फक्त रद्द करण्याची शेवटची वेळ आणि त्याआधी वाढत जाणारा दंड वहीत लिहून ठेवा, फोनवर दोन गजर लावा.

आईचं नवं तिकीटही रात्रीचंच निघालं, ००:४० चं. त्यावर मी लाल पेनानं लिहिलं: "११ तारखेला रात्री नऊ वाजता घरातून निघणे."