इनडिझाइनमध्ये टेबलची एकूण रुंदी न बदलता स्तंभ लहान-मोठे करणे

इनडिझाइन या पानांच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टेबलमधील एखाद्या स्तंभाची कड माउसने ओढली की उजवीकडचे सर्व स्तंभ सरकतात आणि टेबल मजकुराच्या चौकटीबाहेर जाते. हे टाळण्यासाठी टाइप टूल घेऊन दोन स्तंभांमधील रेषेवर कर्सर न्यावा, दुहेरी बाण दिसताच शिफ्ट कळ दाबून धरावी आणि मग रेषा ओढावी. असे केल्याने एक स्तंभ जितका वाढतो तितकाच शेजारचा कमी होतो आणि टेबलची एकूण रुंदी कायम राहते. शिफ्ट दाबून टेबलची अगदी उजवी कड ओढल्यास मात्र सर्व स्तंभ प्रमाणात बदलतात, आणि तयार टेबल पानावरील मजकुराच्या अरुंद रकान्यात बसवताना याचा फार उपयोग होतो.

दरपत्रकासारख्या कामात, जिथे आकड्यांचे स्तंभ प्रत्येक पानावर तंतोतंत सारखे हवेत, तिथे अंदाजाने ओढण्यापेक्षा ते स्तंभ निवडून शिफ्ट व एफ९ या कळांनी टेबल पॅनेल उघडावे आणि रुंदीचे माप मिलिमीटरमध्ये टाइप करावे.

ओळींची उंची ‘एक्झॅक्टली’ (म्हणजे नेमकी, मजकुरानुसार न वाढणारी) अशी ठरवलेली असल्यास अरुंद झालेल्या स्तंभातील मजकूर दडू शकतो. टेबलच्या अशा घरात लाल ठिपका दिसतो, म्हणून पीडीएफ काढण्यापूर्वी ते ठिपके अवश्य शोधावेत.