समोरच्याचा विमा नसेल तर आपलं काय? पॉलिसी घेताना बघायच्या गोष्टी

कापूस वेचणीच्या दिवसांत हिंगणघाट, वणीकडच्या रस्त्यांवर दिवेलागणीनंतरही मागचा लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या भरून चाललेल्या असतात. अशा ट्रॉलीवर मोटरसायकल आदळली आणि ट्रॅक्टरचा विमा संपलेला निघाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणानं भरपाई मंजूर केली तरी ती ट्रॅक्टरमालकाकडून वसूल करावी लागते. त्याची ऐपत नसेल तर निकालाचा कागद नुसताच हातात राहतो. म्हणून आपल्या जिवाची सोय आपल्याच पॉलिसीत करून ठेवायची.

पॉलिसीच्या कागदावर 'पीए कव्हर, ओनर-ड्रायव्हर' (म्हणजे गाडी चालवणाऱ्या मालकाचा वैयक्तिक अपघात विमा) ही ओळ शोधा. तिच्यासमोर 15 लाख आणि हप्त्याची रक्कम असली पाहिजे. तिथे शून्य असेल तर कव्हर घेतलेलंच नाही. स्वस्त पॉलिसीत हीच ओळ गळालेली असते. मृत्यू झाल्यास किंवा दोन्ही डोळे, दोन अवयव (हात किंवा पाय) गेल्यास पूर्ण रक्कम मिळते, एक गेल्यास निम्मी. दवाखान्याचं बिल यातून निघत नाही, त्याला आरोग्य विमा वेगळा लागतो.

सगळ्यात जास्त घात आरसीवरच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच्या, नावानं होतो. गाडी वडिलांच्या नावावर, चालवतो मुलगा. हे कव्हर फक्त आरसीवरच्या मालकाला, तेही चालू लायसन असेल तरच. वडील वारले असतील तर आरटीओत फॉर्म 31 भरून गाडी नावावर करा आणि पॉलिसीतही नाव बदलून घ्या. ते हयात असतील तर मुलासाठी स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा काढा. वारसदाराचं नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या.

नव्या मोटरसायकलला 'पाच वर्षांचा विमा' म्हणतात, तो थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्यासाठीचा. गाडीच्या नुकसानीचा आणि पीएचा बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तारखा वेगवेगळ्या वाचा.

डबलसीट बसणाऱ्याला नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत काही मिळत नाही. त्याच्यासाठी 'अननेम्ड पॅसेंजर पीए' (नाव न लिहिता मागे बसणाऱ्याचा अपघात विमा) मागून घ्या.

बँकेत 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनाही चालू ठेवा. अपघाती मृत्यूला 2 लाख, वय 18 ते 70. मेअखेर खात्यात पैसे नसले की ती बंद पडते.

अपघात झालाच तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हींच्या नंबरांचे फोटो काढा, कारण दोघांची नोंदणी वेगळी असते. नंबर एम-परिवहन अ‍ॅपमध्ये टाकला की विम्याची मुदत दिसते. पोलिसांत नोंद त्याच दिवशी करा. न्यायाधिकरणात दावा 6 महिन्यांच्या आत जायला हवा. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात. शेतकरी कुटुंबानं गोपीनाथ मुंडे अपघात योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत द्यावा, सातबारा सोबत जोडून.