कंसात लिंक नको, नाव हवं

माझा पहिला शोधनिबंध मार्गदर्शक बाईंकडून परत आला, तेव्हा पानोपानी लाल खुणा होत्या. वेबसाइटवरून माहिती घेतली की वाक्याच्या शेवटी मी अख्खी लिंक डकवली होती, काही तर दोन-दोन ओळींच्या. समासात बाईंनी एवढंच विचारलं होतं, "हे म्हणतंय कोण?"

मजकुरातला संदर्भ याच प्रश्नाचं उत्तर देतो आणि वाचकाला शेवटच्या संदर्भसूचीतल्या नेमक्या नोंदीपाशी नेऊन सोडतो. म्हणून नोंद ज्या नावाने सुरू होते, तेच नाव कंसात हवं. लिंकची जागा सूचीत.

एपीए या संदर्भ देण्याच्या एका प्रचलित पद्धतीत कंसात लेखकाचं आडनाव आणि वर्ष देतात. व्यक्तीचं नाव नसेल तर संस्थाच लेखक धरायची, उदाहरणार्थ (जागतिक आरोग्य संघटना, २०२१). तीही कळत नसेल तर पानाचं शीर्षक. गूगलवर सापडलं म्हणून गूगल लेखक होत नाही, हे मला नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं.

वर्षाच्या बाबतीतही मी चुकले होते. पानाच्या तळाशी कॉपीराइटचं वर्ष दिसलं, तेच उचललं. ते साइटचं असतं, त्या लेखाचं असेलच असं नाही. लेखाची तारीख खरोखर नसेल तर वर्षाच्या जागी 'एन.डी.' (नो डेट, म्हणजे तारीख नाही) लिहितात.

शब्दशः उतारा घेतला आणि पानक्रमांक नसला, तर एपीएमध्ये परिच्छेद मोजून त्याचा क्रमांक किंवा उपशीर्षक द्यावं. एमएलए या दुसऱ्या पद्धतीत मात्र कंसात वर्षही नको आणि परिच्छेद आपले आपण मोजायचेही नाहीत. आयईईई या आणखी एका पद्धतीत नावाऐवजी चौकोनी कंसात सूचीतल्या नोंदीचा नुसता क्रमांक. तेव्हा कोणती पद्धत चालते, हे विभागात आधी विचारून घ्या.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते तोंडी परीक्षेत. परीक्षकांनी माझ्या सूचीतली एक लिंक उघडली, तर मी ज्या तक्त्यावर अख्खं प्रकरण उभं केलं होतं, तो तिथे नव्हताच. मधल्या काळात पान बदललं होतं. माझ्याकडे ना प्रत, ना पाहिल्याची तारीख. तेव्हापासून पान वापरलं की त्याच दिवशी 'वेबॅक मशीन' या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर ते जतन करते आणि टिपणवहीत त्या प्रतीचा पत्ता तारखेसह उतरवून ठेवते.